टाकीत डिझेल मावते किती?

(विभागीय कार्यकर्ता शिबिरात शाखा पदाधिकाऱ्यांपुढे केलेले भाषण)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय ‘शिस्तभंगाच्या कारवाईत कामगाराचा बचाव’ असा छापला आहे. विषय फार मोठा आहे. १९६८ चे शिस्त व अपील नियम, चार्जशीट कशी वाचायची, कागदपत्रे कशी मागायची, हे सकाळच्या सत्रात आपल्याला सांगून झाले. मी मॅट्रिक शिकलेला माणूस. कलमे माझ्यापेक्षा चांगली सांगणारे इथे पुष्कळ बसले आहेत. म्हणून मी कलमे सांगणार नाही. मी एका पिकअप गाडीच्या डिझेलच्या टाकीची गोष्ट सांगणार आहे.

हसू नका मित्रहो. त्या टाकीपायी आपल्या एका सभासदाची चोवीस वर्षांची नोकरी पणाला लागली होती. आणि तुमच्या या सेक्रेटरीची सुरुवातीला चांगलीच फजिती झाली होती. तीही सांगणार आहे, कारण फजितीतून माणूस जेवढे शिकतो तेवढे सत्कारातून शिकत नाही.

साडेतीन लिटरचे प्रकरण

२०१९ चा पावसाळा. त्या वर्षी घाटात दरडी कोसळून गाड्यांचे हाल झाले होते, ते आपल्याला आठवत असेल. इंजिनिअरिंग खात्याची एक पिकअप गाडी रात्रंदिवस गँगची माणसे, हत्यारे, दोरखंड, बत्त्या यांची ने-आण करत होती. ड्रायव्हर आपला सभासद. नाव सांगत नाही, कारण आज ते सुखाने निवृत्त झाले आहेत आणि त्यांना जुना विषय नको आहे.

एका पहाटे घाटातून परत येताना त्यांनी पंपावर टाकी फुल्ल केली. बिल आले ५८.६० लिटरचे. बिल लॉगबुकाला लावले, सही केली, घरी जाऊन झोपले.

चार महिन्यांनी हिशेब तपासणी झाली. तपासणाऱ्या साहेबांनी गाडीचे पुस्तक काढले. त्यात लिहिले होते, इंधन टाकीची क्षमता ५५ लिटर. बिल ५८.६० लिटरचे. पंचावन्नच्या टाकीत साडेअठ्ठावन्न मावते कसे? म्हणजे ३.६० लिटर डिझेल टाकीत गेलेच नाही, कुठेतरी दुसरीकडे गेले. झाला निष्कर्ष.

त्या वेळी डिझेलचा दर सत्तरीच्या आत होता. म्हणजे सगळे प्रकरण अडीचशे रुपयांचे. पण चार्जशीट आली ती एसएफ-५, मोठ्या शिक्षेची. आचरण नियम ३ प्रमाणे सचोटी नाही, असा आरोप. सचोटीवर आरोप आला की रक्कम किती हे कोणी विचारत नाही. अडीचशे रुपये असोत की अडीच लाख, नोकरी जाण्याची शिक्षा दोन्हीला होऊ शकते.

त्यांना गाडीवरून काढून डेपोत चौकीदारीला बसवले. रात्रीचा भत्ता गेला, ओव्हरटाइम गेला. त्याचेही एक वेळ काही नाही. पण चहाच्या टपरीवर लोक त्यांना ‘साडेतीन लिटर’ म्हणू लागले. मला ते म्हणाले, “साहेब, पगार कापा, बदली करा, पण हे नाव तेवढे पुसा.”

माझी फजिती

मी काय केले? जे आपण बहुतेक सेक्रेटरी करतो ते केले. दहा-पंधरा कार्यकर्ते घेऊन साहेबांच्या कार्यालयात गेलो. आवाज चढवला. “आमचा माणूस प्रामाणिक आहे, चोवीस वर्षांत एक मेमो नाही, पावसात जीव धोक्यात घालून काम केले, त्याचे हे बक्षीस काय?” वगैरे.

साहेबांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग गाडीचे पुस्तक माझ्यापुढे उघडून ठेवले आणि म्हणाले, “सेक्रेटरीसाहेब, तुमचे सगळे मान्य. मला फक्त एवढेच सांगा, पंचावन्नच्या टाकीत साडेअठ्ठावन्न कसे बसले?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. मागे उभे असलेल्या कार्यकर्त्यांकडेही नव्हते. आम्ही आलो तसे खाली उतरलो. जिन्यात मीच मनात म्हणालो, खरेच, कसे बसले असेल? आणि खरे सांगतो बंधूंनो, त्या क्षणी माझ्याही मनात आपल्या माणसाबद्दल शंका आली. ती शंका मी आजवर बोलून दाखवली नव्हती, आज दाखवतो आहे.

त्या रात्री मला माझे शेडमधले दिवस आठवले. मी खलाशी म्हणून लागलो तो घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये. डब्ल्यूडीएम-२ जातीच्या इंजिनाची टाकी ५००० लिटरची. इंजिन वळणावर, एका अंगाला कललेल्या रुळावर उभे असले की टाकीच्या एका बाजूचा आकडा दुसऱ्या बाजूशी जुळत नसे. डिझेल तेवढेच, आकडे दोन. आणि टँकर वॅगन आली की डिप रॉड घालून किती सेंटिमीटर भरले ते बघायचे आणि तक्त्यात लिटर शोधायचे. तक्ता नसेल तर रॉड हे नुसते लाकूड.

तो तक्ता का लागतो ते मला एका जुन्या मिस्त्रींनी शिकवले होते. आडवे ठेवलेले गोल पिंप घ्या. ते पाव उंचीपर्यंत भरले तर पाव माल भरला असे वाटते. नाही. भरतो तो शंभरात साडेएकोणीसच. अर्ध्या उंचीला मात्र बरोबर अर्धा. पिंपाचा तळ अरुंद असतो, म्हणून. मिस्त्री म्हणायचे, “टाकीला डोळ्यांनी मोजू नका, मापाने मोजा.”

हे सगळे माहीत असून मी साहेबांपुढे नुसता आवाज चढवून आलो होतो. दुसऱ्या दिवशी त्याच मिस्त्रींच्या घरी गेलो. ते तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांनी सगळे ऐकले आणि विचारले, “पुस्तकातला आकडा बघितला. टाकी मोजली का कोणी?”

कोणीच मोजली नव्हती. साहेबांनी नाही, हिशेब खात्याने नाही, आणि युनियननेही नाही.

पुस्तकातला आकडा म्हणजे काय?

आपल्या घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते. हजार लिटरची म्हणून आणतो. तिला खाली नळाला जाणारा पाइप असतो, पण तो अगदी तळाला नसतो, थोडा वर असतो. त्याच्या खालचे पाणी नळाला कधीच येत नाही, तिथे गाळ बसतो. वर ओव्हरफ्लोचा पाइप असतो, तोही अगदी काठाला नसतो, थोडा खाली असतो. आता त्या टाकीत पाणी मावते किती? तळापासून झाकणापर्यंत एक आकडा. तळापासून ओव्हरफ्लोपर्यंत दुसरा. नळाला प्रत्यक्ष मिळते ते तिसरे. टाकी एक, आकडे तीन, आणि तिन्ही खरे.

गाडीच्या टाकीचे हेच आहे. कंपनी पुस्तकात जो आकडा छापते तो रोजच्या वापरात सुरक्षितपणे भरावयाचा आकडा असतो. काठोकाठ मावणारा नव्हे. वर मुद्दाम रिकामी जागा ठेवलेली असते. का? कारण डिझेल उन्हाने फुगते. एक अंश उष्णता वाढली की हजार लिटरमागे सुमारे ८०० मिलिलिटर फुगते. पंपाची टाकी जमिनीखाली गार असते. तिथून साठ लिटर भरून गाडी उन्हात उभी केली आणि डिझेल वीस अंशांनी तापले, तर ते जवळजवळ एक लिटर वाढेल. त्याला जागा नसेल तर ते झाकणातून बाहेर येणार. गाडी चढावर, उतारावर, कलत्या रस्त्यावर उभी राहते, तेव्हाही ही जागा लागते.

शिवाय झाकणापासून टाकीपर्यंत जी जाड नळी असते, जिला आपण गळा म्हणतो, तिच्यातही डिझेल मावते. तेही त्या आकड्यात नसते. आणि उलटही होते. टाकीला खालून दगड लागून पोचा पडला असेल तर टाकीत कमी मावते. म्हणजे दोन सारख्या गाड्यांच्या टाक्याही सारख्या असतीलच असे नाही.

काटा आणि पंप

ड्रायव्हर बंधूंना माहीत आहे, टाकी फुल्ल केल्यावर पहिले पन्नास-साठ किलोमीटर काटा हलतच नाही, आणि अर्ध्याच्या खाली आला की धावत सुटतो. याचे कारण सोपे आहे. टाकीत एक तरंगणारा बोंडा असतो, त्याला दांडी असते, दांडी वरखाली होते तसा काटा फिरतो. दांडीची हालचाल वर एका ठिकाणी संपते. त्याच्या वर डिझेल कितीही भरा, काट्याला कळत नाही. आणि टाकी काही चौकोनी डबा नसते. तिला कोपरे असतात, खाच असते, आत डिझेल उसळू नये म्हणून आडवे पत्रे असतात. त्यामुळे काट्याचा पाव म्हणजे टाकीचा पाव नव्हे. काटा हा पुरावा नाही, अंदाज आहे.

पंपाचे नॉझल आपोआप बंद होते, त्याला आपण कट होणे म्हणतो. नॉझलच्या टोकाला बारीक भोक असते. डिझेल किंवा फेस त्या भोकापर्यंत चढला की आतला दाब बदलतो आणि खटका पडतो. डिझेलला फेस फार येतो. जोरात भरले तर फेसामुळेच लवकर कट होते, हळूहळू भरले तर उशिरा. म्हणून ‘पहिल्या कटला’ भरलेली टाकी आणि ‘गळ्यापर्यंत’ भरलेली टाकी यांत काही लिटरचा फरक सहज पडतो. आपल्या ड्रायव्हर बंधूंनी त्या पहाटे गळ्यापर्यंत भरली होती, कारण पुन्हा घाटात जायचे होते आणि वर पंप नव्हता.

मोजणी कशी केली

आम्ही चौकशी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज दिला. त्यात भाषण केले नाही. एवढेच लिहिले की, आरोपाचा पाया टाकीची क्षमता हा आहे, ती कोणीही मोजलेली नाही, तरी दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर तीच टाकी मोजावी आणि संयुक्त नोंद करावी. चौकशी अधिकारी भला माणूस होता. त्यांनी परवानगी दिली.

आता मोजणी सांगतो, लक्ष देऊन ऐका, कारण ही वेळ तुमच्या शाखेवरही येऊ शकते.

पहिली गोष्ट, जागा सपाट हवी. आम्ही शेडमधला सिमेंटचा कोबा निवडला. वेळ पहाटेची, ऊन नसताना. विडी-सिगारेट, वेल्डिंग, सगळे लांब. आग विझवायचे सिलिंडर जवळ. डिझेल पेट्रोलसारखे पटकन पेट घेत नाही, पण निष्काळजीपणाला माफी नाही. पेट्रोलच्या गाडीवर हा प्रयोग आपल्या हाताने कोणीही करू नये, हे बजावून सांगतो.

दुसरी गोष्ट, गाडी बंद पडेपर्यंत चालवून टाकी रिकामी करायची नाही. डिझेल गाडीच्या पाइपात हवा शिरते, ती काढेपर्यंत गाडी सुरू होत नाही, आणि नव्या गाड्यांचे पंप डिझेलनेच वंगण घेतात, ते खराब होतात. आम्ही रिझर्व्हची बत्ती लागेपर्यंतच गाडी चालवली. मग टाकीखालचा नट काढून उरलेले डिझेल स्वच्छ डब्यात काढले. ते निघाले ७.२ लिटर. म्हणजे बत्ती लागते तेव्हा टाकीत सव्वासात लिटरच्या आसपास असते, हे कळले. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसरी गोष्ट, माप. घरातले कॅन, तेलाचे डबे चालत नाहीत. वजनमापे खात्याचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप आणले. प्रत्येक माप ओतताना दोन माणसे मोजत होती, एक आपला, एक प्रशासनाचा, आणि तिसरा कागदावर रेघ मारत होता.

सतरा लिटर झाले तेव्हा काटा पाववर आला. एकोणतीसला अर्ध्यावर. त्रेपन्नला काटा फुल्लवर जाऊन थांबला. पंचावन्न लिटर झाले, म्हणजे पुस्तकातला आकडा संपला. प्रशासनाच्या माणसाने गळ्यात बॅटरी मारून बघितले. डिझेल दिसतही नव्हते! अठ्ठावन्नला नळीच्या तळाशी डिझेल चमकू लागले. पुढे हळूहळू, हवा बाहेर येऊ देत ओतत गेलो. झाकणाखाली बोटभर अंतर राहिले तेव्हा एकूण झाले ६३.५ लिटर.

पुस्तकात ५५. प्रत्यक्षात ६३.५. तिथे उभ्या असलेल्या एकाही माणसाने टाळी वाजवली नाही की घोषणा दिली नाही. सगळे गप्प उभे होते. आमचे ड्रायव्हर बंधू बाजूला बाकावर बसले होते. त्यांनी फक्त टोपी काढून तोंड पुसले.

टाकी मोजली, पण तेवढ्याने भागत नाही

मी तेव्हाच विजयाचे पत्रक काढायला निघालो होतो. मिस्त्रींनी हात धरला. ते म्हणाले, “सेक्रेटरीसाहेब, तुम्ही एवढेच सिद्ध केलेत की साडेअठ्ठावन्न मावू शकते. मावले, हे कुठे सिद्ध केलेत?”

अगदी खरे. टाकी मोठी आहे एवढ्याने माणूस निर्दोष ठरत नाही. उद्या एखादा म्हणेल, टाकीत आधीच वीस लिटर होते, मग साडेअठ्ठावन्न कुठे गेले? म्हणून आम्ही लॉगबुकाकडे वळलो.

आधीची टाकीही ड्रायव्हर बंधूंनी गळ्यापर्यंत भरली होती, तशी नोंद होती. एका फुल्लपासून दुसऱ्या फुल्लपर्यंत गाडी चालली ६५१ किलोमीटर. डिझेल ५८.६. भागाकार केला, ११.१ चे अ‍ॅव्हरेज. त्याच गाडीच्या आधीच्या सहा भरण्यांचे अ‍ॅव्हरेज १०.९ ते ११.३ होते. बरोबर मधे बसले. आता समजा, आरोपाप्रमाणे ३.६ लिटर बाहेर गेले आणि टाकीत ५५च पडले. तर त्या गाडीने ११.८ चे अ‍ॅव्हरेज दिले असे म्हणावे लागेल. पावसात, घाटात, माणसांनी भरलेल्या गाडीने! तेवढे तिने कोरड्या रस्त्यावर कधी दिले नव्हते.

आणखी एक. पहिल्याच जबाबात ड्रायव्हर बंधूंनी सांगितले होते की, अमुक फाटकाजवळ रिझर्व्हची बत्ती लागली. तेव्हा त्या वाक्याकडे कोणीच लक्ष दिले नव्हते. त्या फाटकापासून पंप २६ किलोमीटर. ११.१ च्या अ‍ॅव्हरेजने २६ किलोमीटरला लागतात २.३ लिटर. बत्ती लागताना ७.२, त्यातून २.३ गेले, राहिले ४.९. टाकी ६३.५ ची, तीत ४.९ शिल्लक, तर नवे मावेल किती? ५८.६.

मित्रहो, बिलावरचा आकडा तोच होता. इतके तंतोतंत जुळणे हा थोडा योगही म्हणावा, अर्धा-पाऊण लिटर इकडेतिकडे झाले असते तरी चालले असते. पण टाकी, किलोमीटर आणि माणसाचा पहिला जबाब, तिन्ही एकाच ठिकाणी येऊन भेटले. चौकशी अधिकाऱ्यांनी आरोप सिद्ध होत नाही असे लिहिले. ड्रायव्हर बंधू पुन्हा गाडीवर बसले. प्रकरण सुरू झाल्यापासून तोवर अकरा महिने गेले होते.

कोणते मुद्दे मांडू नयेत

बचाव करताना आपण हाताला लागेल ते बोलतो. त्याने खरा मुद्दा पातळ होतो. आमच्यातल्या एकाने सुचवले, पंपाचे माप चुकीचे असेल असे म्हणा. पंपाला पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. त्या हिशेबाने ५८.६ लिटरला फरक पडेल फार तर ३०० मिलिलिटर. साडेतीन लिटरचे उत्तर त्यातून निघत नाही. पंपावर खरोखर शंका असेल तर तिथेच, त्याच वेळी पाच लिटरचे माप मागावे. ते प्रत्येक पंपावर ठेवावे लागते आणि मागण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. चार महिन्यांनी मागून उपयोग नाही.

दुसऱ्याने सुचवले, गाडी वजनकाट्यावर घाला, रिकामी आणि भरलेली. कल्पना चांगली, पण साठ लिटर डिझेलचे वजन पन्नास किलोच्या आसपास. मालट्रकच्या काट्याला पाच-दहा किलोच्या खालचे कळतच नाही. पाच किलो म्हणजे सहा लिटर झाले. ज्या मापाची चूक भांडणाच्या रकमेपेक्षा मोठी, ते माप काय कामाचे? टाकीची लांबी-रुंदी-उंची मोजून गुणाकार करता येतो, घनसेंटिमीटरला हजाराने भागले की लिटर. पण बाहेरून मोजले की कोपऱ्यांची गोलाई आणि आतले पत्रे सुटतात, उत्तर जास्त येते. प्राथमिक अंदाजाला ठीक, पुराव्याला नाही.

नाण्याची दुसरी बाजू

आता एक कडू गोष्ट. हे प्रकरण गाजल्यावर दोन वर्षांनी दुसरे आले. गाडी दुसरी, पुस्तकात ६० लिटर, बिल ७४ लिटरचे, हाताने लिहिलेले. तोही सभासद आपलाच. तो म्हणाला, “त्यांची टाकी मोजलीत, माझीही मोजा.” मोजली. काठोकाठ ६७ लिटर भरली. लॉगबुक काढले, तर एरवी अकराच्या आसपास अ‍ॅव्हरेज देणारी गाडी त्या महिन्यात आठवर आली होती.

मी त्याला घरी बोलावले. चहा दिला. कागद पुढे ठेवला आणि म्हणालो, “बाबा रे, मापाने तुझ्या सोबत्याला सोडवले. आता तेच माप तुझ्याबद्दल काय म्हणते ते तूच वाच.” बराच वेळ तो काही बोलला नाही. मग रडला. सावकाराचे देणे होते. त्याने स्वतः कबुली लिहून दिली, रक्कम भरली. युनियनने त्याच्या चोरीचा बचाव केला नाही. पण मुलेबाळे रस्त्यावर येऊ नयेत, नोकरी राहून शिक्षा व्हावी, यासाठी अपिलात भांडलो आणि तेवढे मिळाले.

काही सभासद माझ्यावर नाराज झाले. “सेक्रेटरीच आपल्या माणसाला मोजायला लागला,” म्हणाले. मी त्यांना एवढेच सांगितले, उद्या मी साहेबापुढे जाऊन ‘हा माणूस निर्दोष आहे’ म्हणेन तेव्हा साहेबाने माझ्यावर विश्वास ठेवावा, असे वाटते ना? मग आज हे करावे लागेल. युनियनचा शब्द हेही एक माप आहे. त्याच्यावर शिक्का राहिला पाहिजे.

ड्रायव्हर बंधूंनी पाळायच्या गोष्टी

टपाल खात्यातले मेल मोटर सर्व्हिसचे ड्रायव्हर बंधू इथे आहेत, रेल्वेचे आहेत, इटारसी, हुबळी, सिकंदराबादहून आलेले मराठी बांधव आहेत. सगळ्यांसाठी पाच गोष्टी सांगतो.

एक, प्रत्येक भरण्याला किलोमीटरचा आकडा लिहा, आणि पुढे ‘पहिल्या कटला’ की ‘गळ्यापर्यंत’ ते लिहा. दोनच शब्द लागतात.

दोन, बिल छापील घ्या. छापील बिलाची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स किंवा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

तीन, रिझर्व्हची बत्ती कुठे लागली ते लॉगबुकात टिपा. आमचे प्रकरण त्या एका वाक्याने सुटले.

चार, रोज गळ्यापर्यंत भरायची सवय नको. उन्हात डिझेल बाहेर येते, वाया जाते, रस्ता निसरडा होऊन एखादा दुचाकीवाला पडतो. गरज असेल तेव्हाच भरा आणि कारण लिहा.

पाच, नवी गाडी ताब्यात घेताना किंवा टाकी बदलल्यावर ती एकदा सगळ्यांसमोर मोजून नोंद करून ठेवा, अशी मागणी शाखेने लेखी करावी. खर्च नाही, अर्धा दिवस जातो. एखाद्या माणसाचे अकरा महिने वाचतात.

ज्याच्याकडे चार्जशीटही येत नाही तो

शेवटी एकच सांगतो. आमचे ड्रायव्हर बंधू कायम नोकरीत होते म्हणून त्यांना चार्जशीट मिळाली, चौकशी मिळाली, बचावाला माणूस मिळाला. आता गाड्या मोठ्या प्रमाणात भाड्याने घेतात. त्यावरचा ड्रायव्हर ठेकेदाराचा. त्याच्या बिलात दोन लिटर जास्त दिसले की कोणी पुस्तकही उघडत नाही. पगारातून पैसे कापतात, नाहीतर “उद्यापासून येऊ नकोस” म्हणतात. त्याची टाकी कोण मोजणार? तो आपल्या गेटवर रोज उभा असतो. आपली गँग त्याच्याच गाडीतून कामावर जाते. त्याला लॉगबुक कसे लिहायचे एवढे जरी आपण शिकवले, आणि वेळ आली तर पाच लिटरचे माप घेऊन त्याच्याबरोबर उभे राहिलो, तरी पुष्कळ झाले.

ते ‘साडेतीन लिटर’ नाव पुसले गेले का, असे आपण विचाराल. लगेच नाही. निकाल लागल्यावरही वर्षभर कोणी ना कोणी म्हणत होते. आरोप एका दिवसात चिकटतो, सुटायला वेळ लागतो. म्हणूनच म्हणतो, मोजल्याशिवाय कोणावर आरोप करू देऊ नका, आणि मोजल्याशिवाय कोणाचा बचाव करायला आपणही जाऊ नका.

 कामगार एकजुटीचा विजय असो!